वजनाच्या ऑपरेशननंतर ताटात काय असावे

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली की पहिल्या काही आठवड्यांत काय खावे हा प्रश्नच पडत नाही. आधी नितळ सूप आणि पाणी, मग दूध-ताकासारखे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले आणि त्यानंतर मऊ अन्न, असा क्रम रुग्णालयातून लिहून मिळतो आणि साधारण दीड-दोन महिन्यांत तो कागद संपतो. त्यानंतर सल्ला द्यायला दोनच पक्ष पुढे येतात. एक म्हणजे प्रोटीन पावडर, बार आणि ‘डाएट’ खाकरे विकणारा बाजार, आणि दुसरा म्हणजे ‘घरचेच खा, घरच्याने काही होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे नातेवाईक. माझी गॅस्ट्रिक बायपास होऊन आता काही वर्षे झाली आहेत, आणि या दोन्ही पक्षांचे निम्मेच ऐकावे असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याला खायचे आहे ते साधे, अख्खे, कमीत कमी प्रक्रिया झालेले आणि चावून खावे लागणारे अन्न. ते आपल्या स्वयंपाकघरात भरपूर आहे, मात्र स्वयंपाकघरातले सगळेच तसे नाही.

आधी थोडे शरीराबद्दल. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरचा छोटा कप्पा वेगळा करतात आणि तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढूनच टाकतात आणि भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जिथे मुख्यतः तयार होते तो वरचा फुगीर भागही त्याबरोबर जातो. म्हणजे जागा कमी आणि, निदान सुरुवातीला, भूकही कमी. आणि एवढ्या जागेत दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने बसवायची असतात. अंड्यात साधारण सहा ग्रॅम, शिजलेल्या मुगाच्या अर्ध्या वाटी उसळीत जेमतेम पाच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा आणि तेवढ्याच बांगड्यात एकोणीसच्या आसपास. हा हिशेब एकदा मांडून पाहिला, की फुकट घालवायला एकही घास उरत नाही हे कळते. ज्याचे पोट पूर्ण आहे त्याला चार बिस्किटे खाऊन पुढे जेवता येते, आपल्याला तसे करता येत नाही.

बिस्किटाचेच घेऊ. खारी, टोस्ट, वेफर्स, पातळ पोह्यांचा चिवडा, आइस्क्रीम हे पदार्थ तोंडात विरघळतात आणि त्या छोट्या कप्प्यातून न थांबता घसरत पुढे जातात. पोट भरल्याची खूण येत नाही, त्रासही होत नाही, आणि त्रास होत नाही हाच त्यांचा धोका आहे, कारण दोन महिने उलटी-मळमळ सोसलेल्या माणसाला जे सुखाने उतरते तेच आपल्याला मानवते असे वाटू लागते. नीट चावलेली उसळ, अंडे किंवा मासळी कप्प्यात रेंगाळते आणि चार-सहा घासांत ‘पुरे’ म्हणायला लावते. शस्त्रक्रिया करून घेतली ती याच ‘पुरे’साठी. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला एक छोटा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया न झालेल्या वीस माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न दिले आणि दोन्हींत हवे तेवढे खाण्याची मुभा ठेवली, तेव्हा अतिप्रक्रियायुक्त अन्नावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. शाबूत पोटाच्या माणसाची ही गत, तर घसरून जाणाऱ्या अन्नाला आपला कप्पा काय अडवणार? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासातही पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जाते आणि नंतर त्यातले काही परत येते असेच दिसले. बायपास झालेल्यांचे दहा वर्षांनंतरचे वजन मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी होते. हे यश थोडके नाही. पण जे परत येते ते बहुधा चहाबरोबरच्या बशीतून येते, असा माझा वहीम आहे.

आता ‘घरचे’ या पक्षाकडे वळू. साबुदाण्याची खिचडी घरचीच असते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन नावापुरते, आणि खिचडीत जे काही असते ते दाण्याच्या कुटाचे. शिरा घरचा, लाडू घरचे, दिवाळीची चकलीसुद्धा घरचीच. बायपासनंतर गोड पदार्थ जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरतो, तिथे पाणी ओढून घेतो आणि अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, पोटात कळा आणि पाठोपाठ शौचाला पळापळ सुरू होते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरण्याचा दुसरा हप्ताही मिळतो. सासूबाईंच्या हातच्या शिऱ्यात साजूक तूप असल्यामुळे आतडे त्याला सवलत देत नाही. (लग्नाच्या पंगतीत ‘एक जिलबी तरी घ्याच’ म्हणणाऱ्या मामींना हे समजावण्यात अर्थ नसतो. ताटावर आडवा हात धरून बसावे.)

आपल्या जेवणाची रीतही आपल्याला उलटी करावी लागते. मराठी पान वाढले की सुरुवात तूप-लिंबू घातलेल्या वरणभाताने होते, आणि छोट्या कप्प्यात तो आधी गेला की मागच्या कशालाच जागा राहत नाही. वर, वरण म्हटले तरी त्यात पाणीच पुष्कळ. म्हणून आधी मासळी, अंडे, पनीर किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरीचा तुकडा. पाणी आणि ताक जेवणानंतर अर्धा तास थांबून घ्यायचे, नाहीतर घन अन्न त्याबरोबर वाहून जाते.

पोळी आणि भाकरी यांतला फरक मला या शस्त्रक्रियेने शिकवला. गव्हाच्या मऊसूत पोळीचा घास कितीही चावला तरी चिकटपणामुळे त्याचा गोळा होतो आणि तो छातीच्या हाडामागे येऊन थांबतो. मग तोंडात लाळ भरू लागते, घोट गिळवत नाही, आणि उठून बेसिनकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, नसल्याने भाकरी चावताना सुटी होते, आमटीत कुस्करली तर आणखीच, आणि बिनतक्रार उतरते. हा माझा अनुभव, सगळ्यांचा असाच असेल असे नाही. काहींना भात अडकतो, काहींना कोंबडीचा कोरडा तुकडा. तंतूंचे पदार्थ मात्र सर्वांनीच जपून खावेत. शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडीवरची साल, अर्धवट चावलेल्या कच्च्या भाज्या यांचा गोळा साठून वाट अडल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत.

माझे माहेर रत्नागिरीकडचे, त्यामुळे मासळीबाबत माझे मत एकांगी असण्याची शक्यता आहे, तरी लिहितेच. शस्त्रक्रियेनंतर ओल्या बोंबलाइतके प्रेमळ अन्न मला दुसरे सापडले नाही. रवा-तांदळाचे कवच न लावता, नुसते आले-लसूण, हळद आणि कोकम लावून झाकणाखाली शिजवलेला बोंबील चमच्याने मोडतो. पण बोंबलात पाणी फार, त्यामुळे वजनाला वजन धरले तर त्याचे प्रथिन बांगड्याच्या जवळपास निम्मेच. म्हणून दात आणि पोट सरावले की बांगड्याकडे वळावे. शाकाहारी मंडळींचे काम अवघड आहे, अशक्य नाही. दही रात्रभर फडक्यात टांगून केलेल्या चक्क्यात, त्यात साखर घालून श्रीखंड केले नाही तर, त्याच मापाच्या दह्याच्या दुप्पट तरी प्रथिन मिळते. मटकी, मूग, घरचे पनीर, सोयाबीन हे सगळे आळीपाळीने आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे लागते.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट लिहिते, कारण साध्या अन्नाची बाजू घेणारे लोक इथेच घसरतात. ‘सगळे नैसर्गिक खाता ना, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी विचारला आहे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात, त्या भागाला बायपासनंतर अन्न शिवतच नाही. अन्नातले ब-१२ जीवनसत्त्व सुटायला जठरातले आम्ल लागते आणि ते शोषायला जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते, आणि ते स्रवणारा बहुतेक भाग आता अन्नाच्या वाटेवर नाही. अळू, खजूर आणि नाचणी कितीही खाल्ली तरी ही तूट भरून निघत नाही. ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचे, कॅल्शियम शक्यतो सायट्रेट स्वरूपाचे, लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवून, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येतात तेव्हा घाबरून तेले बदलण्यापेक्षा रक्ततपासणी करून घ्यावी. आणि उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपाय करत बसू नये, ब-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

पावडरीवर माझा राग नाही. पहिल्या आठवड्यांत तिच्याशिवाय ६० ग्रॅम गाठणे जवळजवळ अशक्य असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत प्रोटीन सप्लिमेंट टाळण्याचा सल्ला आहे आणि तो व्हॉट्सअॅपवर मला अनेकांनी पाठवला, पण तो सामान्य जनतेसाठी आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी नाही. माझा आक्षेप वर्षानुवर्षे पावडरीच्या डब्यावरच जगण्याला आहे. पावडर पिऊन टाकता येते, म्हणजे तीही घसरूनच जाते, चावणे होत नाही आणि तासाभरात पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते.

शेवटी आहारतज्ज्ञांकडे एक मागणी. मला मिळालेला कागद इंग्रजीत होता आणि त्यावर ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट आणि टर्की होते. टर्की ठाण्याच्या बाजारात मी अजून पाहिलेली नाही. हाच कागद मराठीत करून त्यावर मटकी, बांगडा, चक्का, अंडे आणि भाकरी यांची मापे वाटी-चमच्यांत लिहावीत, समोर प्रथिनाचा आकडा द्यावा, आणि तो आठव्या आठवड्याला संपू नये. निदान पुढच्या दोन वर्षांचे खाणे आणि रक्ततपासण्यांच्या तारखा त्याच्या मागच्या पानावर सहज मावतील.