प्रीसेट फिरवण्याआधी वेग मोजा

जुने कॉम्प्युटर जपणाऱ्या आपल्या मंडळींत एक सल्ला सारखा पुढे पाठवला जातोय: "सव्वापाच इंची ड्राइव्ह फ्लॉपी वाचत नसेल तर मोटरचा वेग बिघडलाय असं समजा. ड्राइव्ह ट्यूबखाली उलटा धरा आणि पुलीवरच्या पट्ट्या स्थिर दिसेपर्यंत बोर्डावरचा प्रीसेट फिरवा." प्रीसेट म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करायचा छोटा स्क्रू. हे वाचून लोक चांगले ड्राइव्ह बिघडवतायत, म्हणून लिहितोय.

वाचत नाही म्हणजे वेग बिघडलाय, हे गृहीतच मला मान्य नाही. गेल्या पावसाळ्यानंतर कोथरूडच्या एका मित्राचा ड्राइव्ह माझ्याकडे आला. प्रीसेटवरचा रंगाचा ठिपका शाबूत होता, म्हणजे त्याला कुणी हात लावलेला नव्हता. एका फेऱ्याचा वेळ मोजला तर बरोबर 200 मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला 300 फेरे, हवे तेवढेच. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवरून फिरवला, तो तपकिरी होऊन निघाला. पुण्याच्या दमट महिन्यांत माळ्यावर पडलेल्या फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी धरते. तसली एक फ्लॉपी आत गेली की हेड माखतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही. त्या ड्राइव्हचा प्रीसेट फिरवला असता, तर एका दोषाचे दोन झाले असते.

आता पट्ट्यांबद्दल. ही पद्धत खरी आहे, पण नीट सांगितलेली नाही. अनेक बेल्टवाल्या ड्राइव्हच्या पुलीवर पट्ट्यांची दोन वर्तुळं असतात, एक 50 हर्ट्झसाठी आणि दुसरं 60 साठी. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून चोक-स्टार्टरची जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. दर लुकलुकीला एक पट्टी पुढे सरकली की वर्तुळ स्थिर भासतं. 300 आरपीएम (मिनिटाला 300 फेरे) म्हणजे सेकंदाला 5 फेरे, त्यामुळे आपल्या वर्तुळात 20 पट्ट्या लागतात. अमेरिकन व्हिडिओ बघून 24 पट्ट्यांचं वर्तुळ स्थिर केलंत, तर मोटर 250 आरपीएमवर येते. पट्ट्या अगदी शांत उभ्या दिसतात आणि वेग सहाव्या हिश्शाने कमी झालेला असतो! शिवाय आता घरोघरी एलईडी बॅटन आहेत. त्यातल्या बऱ्याच बॅटनच्या उजेडात ही लुकलुक नसतेच. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरचा तांबडा निऑन इंडिकेटर अंधारात पुलीजवळ धरा, तो मात्र चालतो.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे इंडेक्स पल्स मोजणं. 34 पिनांच्या कनेक्टरवर आठव्या पिनवर दर फेऱ्याला एक पल्स येतो, दोन पल्समधलं अंतर 200 मिलिसेकंद हवं. ऑसिलोस्कोप नसेल तर ग्रीसविझल या फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीला जोडणाऱ्या बोर्डाला आरपीएम मोजायची आज्ञा आहे. मोजताना फ्लॉपी आत हवी आणि दार लावलेलं हवं. रिकामा ड्राइव्ह वेगळा फिरतो. दीड टक्क्यापर्यंतचा फरक असेल तर प्रीसेटला हात लावू नका. वेग सारखा वरखाली होत असेल तर आधी बेल्ट बघा. 1.2 एमबीचा ड्राइव्ह सहसा 360 आरपीएमवर फिरतो, त्याला ओढूनताणून 300 वर आणू नका. साडेतीन इंचींत तर बहुतेकदा असा प्रीसेटच नसतो.

"वाचायला लागेपर्यंत फिरवा" असंही काहीजण वर जोडतात. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) वाचताना थोडाफार फरक सांभाळून घेतो, त्यामुळे फ्लॉपी वाचली गेली म्हणून वेग बरोबर ठरत नाही. लिहिताना मात्र चूक कायमची उमटते. 250 किलोबिटच्या दराने 300 आरपीएमवर एका ट्रॅकला 6250 बाइट मिळतात, 310 वर सुमारे 200 कमी. असं लिहिलेलं तुमच्या ड्राइव्हवर वाचलं जाईल, पण दुसऱ्याच्या ड्राइव्हवर अडू शकेल.

ज्यांनी प्रीसेट आधीच फिरवलाय, त्यांनी वेग मोजून जागेवर आणेपर्यंत त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नये. आणि आई-वडिलांच्या किंवा ऑफिसच्या जुन्या फ्लॉप्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावूनच आत घालाव्यात, म्हणजे त्यांवर चुकून काही लिहिलं जाणार नाही.