भुतं बघायला जाणाऱ्यांनी घ्यायची काळजी

बेळगावात राहून भुताचा सिनेमा बघायचा तर आधी भुताची भाषा कुठली ते विचारून घ्या. पुण्याच्या माणसाला ही पंचाईत नसते. आपण १९५६ पासून मराठीसाठी भांडतोय, २००४ पासून सीमावादाचा खटला सर्वोच्च न्यायालयात पडलाय, आणि 'तुंबाड'मधली, 'मुंज्या'मधली अस्सल कोकणातली भुताटकी बघावी तर खुशाल हिंदीत! यावर चिडू नका. निवेदन द्यायचं म्हटलं तर ते भुताला कुठल्या कचेरीत द्यायचं, हाही प्रश्नच आहे.

'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा तुम्ही तो बघितला नव्हता हे कुणाला सांगू नका. २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, तेव्हा आपण सगळेच त्याचे जुने भक्त झालो. फक्त शेजारी खानापूरकडचा पाहुणा बसवू नका. सगळं थिएटर त्या पडद्यावरच्या पावसानं गारठलेलं असताना माझा पाहुणा म्हणाला, "ह्येला आमच्यात उघडीप म्हणतात." आणि सिनेमातल्या त्या हावऱ्या हस्तरपुढं कणकेची बाहुली टाकली, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मावशींना भीती कसली, एवढी कणीक वाया गेल्याचंच वाईट वाटलं.

पौराणिक सिनेमाला जायचं तर वाचलेलं, ऐकलेलं सगळं घरी ठेवून जा. माझी आजी सांगायची, अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो. दारात कुणी भणंग आला की ती आधी त्याच्या कपाळाकडे बघायची. २०२४ च्या 'कल्की'मध्ये तोच अश्वत्थामा अमिताभ बच्चनच्या उंचीचा झालाय आणि एकेकाला उचलून आपटतोय. तेलाचं नाव नाही. बरोबरच आहे म्हणा, हल्लीच्या भावात दोन थेंब मागायलाही ब्रह्मास्त्रच लागेल. २०२३ मध्ये 'आदिपुरुष'वाल्यांनी तर प्रत्येक थिएटरात मारुतीसाठी एक खुर्ची रिकामी सोडायचं जाहीर केलं होतं. नंतर मारुतीच्या तोंडचे संवाद ऐकून लोक असे खवळले की ते बदलावे लागले. थोडक्यात, खुर्ची सोडली, पण तिच्यावर बसणाऱ्याला आधी वाचायला दिलं नाही. आपल्याकडच्या बैठकांचंही असंच असतं, म्हणून आपल्याला त्यात वावगं काही वाटत नाही.

आता सगळ्यात नाजूक सूचना. 'कांतारा' बघताना भारावून जायचं. पंजुर्ली, गुळिगा ही दैवांची नावं नीट पाठ करायची, त्यांच्या नाचाला 'भूतकोला' म्हणायचं, आणि बाहेर पडताना "आपली मुळं, आपली माती" असं काहीतरी पुटपुटायचं. हे सगळं जिथलं, तो कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचा तुळुनाडू आपल्यापासून किती लांब, हे विचारायचं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटक सरकारनं साठीपुढच्या दैवनर्तकांना महिना दोन हजार रुपये मानधन जाहीर केलं, तेही अभिमानानं सांगायचं. २०२५ साली दुसरा भाग आल्यावर काही प्रेक्षक थिएटरातच दैवाच्या नकला करू लागले, तेव्हा निर्मात्यांना हात जोडून सांगावं लागलं, बाबांनो, असं करू नका.

पण घरी आल्यावर सावध! आपल्याच गल्लीतली कुणी काकू पौर्णिमेला कपाळभर भंडारा लावून, परडी घेऊन सौंदत्तीच्या रेणुकेच्या डोंगराला निघाली, "उदो गं आई उदो" म्हणत तिच्या अंगात आलं, तर लगेच खिडकी लावून घ्या. ते अडाणीपण. तिकडे तिकीट होतं, इकडे नाही, एवढा फरक तुम्हाला कळला पाहिजे. बापाच्या शब्दाखातर मुलानं आईचं मुंडकं उडवलं आणि मग बापाकडंच वर मागून तिला जिवंत केलं, ही रेणुकेची गोष्ट आपल्या उशाशी आहे, पण आपण 'स्त्री २'मधल्या मुंडकं नसलेल्या सरकट्याला दचकायला तिकीट काढून जातो. मीही गेलो होतो. चांगला दचकलो.

घाबरायचं नसेल तर त्याचाही रस्ता याच जिल्ह्यात आहे. काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळी यांनी अंधश्रद्धेविरुद्ध ६ डिसेंबरला बेळगावातल्या सदाशिवनगरच्या स्मशानात मुक्काम करून दाखवलाय. पण तुम्ही हे करू नका. तुम्हाला बघायला माणसं येणार नाहीत, आणि मग भीती खरीच वाटेल.

राहता राहिली 'स्त्री'. दारावर लिहिलेलं 'कल आना' वाचून भूत परत जातं, ही कल्पना त्यांनी उचलली आपल्याच राज्यातून. नव्वदच्या दशकात बंगळुरूकडं लोकांनी घरांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवल्याची दंतकथा आहे. भूत रोज यायचं, वाचायचं आणि मुकाट जायचं. हिंदीवाल्यांना ही गंमत वाटली. आपल्याला ती वाटायचं कारण नाही. एका उताऱ्यावरचं आजोबांचं नाव दुरुस्त करून घ्यायला मी एका कचेरीत गेलो, तेव्हा खिडकीतून आवाज आला, "नाळे बर्री." दुसऱ्या दिवशी पुन्हा "नाळे बर्री." तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की या गोष्टीतलं भूत मीच आहे. वाचता येतं, कन्नड कळतं, मुकाट परत जातो.

मग मीही घरच्या दारावर खडूनं ठळक 'नाळे बा' लिहिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये. शेजारचे आबा काठी टेकत आले, चष्मा वर करून त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या.

"कुणाला भिऊलास रे?"

"कुणाला नाही आबा. भिशीवाला येतोय आज."

"तो मग नाही जायचा," आबा म्हणाले, "त्याला वाचता येत नाही." आणि माझ्याच कट्ट्यावर बसून त्याची वाट बघू लागले. त्यांचेही दोन हप्ते थकले होते.