फायरवॉल बंद करून रिमोट असिस्टन्स सुरू होत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदारांच्या आणि शहरातील कर सल्लागारांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. विंडोजचे रिमोट असिस्टन्स, म्हणजे दूरच्या माणसाने आपला पडदा पाहून मदत करण्याची सोय, जोडले जात नसेल, तर दोन्ही संगणकांवरील फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी सोय) बंद करावी, राउटरवर ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, उघडावे, पिंगला (दुसरा संगणक जोडलेला आहे का हे पाहण्यासाठी त्याला पाठवलेल्या हाकेला) उत्तर आले नाही तर नेटवर्कच बिघडले आहे असे समजावे, होम आवृत्तीत ही सोय नसल्यामुळे प्रो आवृत्ती विकत घ्यावी आणि मदतनिसाला बोलावणारी आमंत्रणाची फाइल पासवर्डसह एकाच संदेशात पाठवावी, असे सल्ले त्यात आहेत. औद्योगिक वसाहतीतील लहान कार्यालयांचे संगणक सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे. हा संदेश वाचून फायरवॉल कायमची बंद करून ठेवलेले, आणि तेही कारखान्याचा सगळा जमाखर्च असलेले संगणक आता दिसू लागले आहेत, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

फायरवॉलचा सल्ला लोकांना पटतो, कारण एकाच कार्यालयातील दोन संगणकांच्या बाबतीत तो कधी कधी लागू पडल्यासारखा दिसतो. त्यामागचे खरे कारण वेगळे असते. विंडोज प्रत्येक नेटवर्कची नोंद ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’ अशी करून ठेवते आणि फायरवॉलमधील रिमोट असिस्टन्सचे नियम मुळात प्रायव्हेट नेटवर्कसाठी चालू, तर पब्लिकसाठी बंद असतात. राउटर बदलला की संगणकाच्या दृष्टीने नेटवर्क नवे होते आणि त्याची नोंद बहुधा पब्लिक अशीच होते. अंबडमधील एका कारखान्यात नेमके हेच घडले होते. इंटरनेटची सेवा बदलल्यावर नवा राउटर बसला, वायरी जुन्याच राहिल्या, कोणी काही बदलले नाही अशी सर्वांची खात्री होती आणि तरीही हिशेबाच्या संगणकाला मदत घेता येईना. सेटिंगमध्ये पाहिले तर पूर्वीच्या नावाऐवजी ‘नेटवर्क २’ असे नाव आणि त्याखाली पब्लिक अशी नोंद होती. ती प्रायव्हेट केल्याबरोबर जोडणी झाली, आणि फायरवॉल त्या सगळ्या वेळात चालूच होती. अर्थात हा बदल आपल्या स्वतःच्या कार्यालयातील नेटवर्कसाठीच करावा. हॉटेलच्या किंवा बसस्थानकावरच्या वाय-फायसाठी पब्लिक हीच योग्य नोंद आहे.

प्रायव्हेट नोंद असूनही अडचण राहिली, तर फायरवॉलच्या ‘परवानगी दिलेल्या ॲप्स’च्या यादीत रिमोट असिस्टन्सपुढे खूण आहे की नाही ते पाहावे आणि सिस्टीमच्या रिमोट सेटिंगमध्ये या संगणकाला मदत घेण्याची परवानगी दिलेली आहे याची खात्री करून घ्यावी. एवढे तपासायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. याउलट, फायरवॉल बंद केली तर त्या एका जोडणीसाठी संगणकावरील बाकी सगळ्या सेवाही उघड्या पडतात, आणि काम झाल्यावर ती पुन्हा चालू करण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

मदत करणारा दुसऱ्या गावी असेल, म्हणजे संगणक सातपूरला आणि तंत्रज्ञ पुण्याला, तर संगणकावरील फायरवॉल बंद करून काहीच साधत नाही, कारण बाहेरून येणारी जोडणी त्या संगणकापर्यंत पोहोचण्याआधी राउटरवरच थांबलेली असते. यावर उपाय म्हणून संदेशात ३३८९ हे पोर्ट उघडायला सांगितले आहे, आणि सर्वांत जास्त काळजी मला याच सल्ल्याची वाटते. ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दूरवरून संगणकात शिरून त्यावर काम करण्याच्या वेगळ्या सोयीचे, पोर्ट आहे. रिमोट असिस्टन्स विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातील पोर्ट गरजेप्रमाणे वापरते. त्यामुळे ३३८९ उघडल्याने ज्यासाठी खटपट केली ती जोडणी होत नाही, मात्र रिमोट डेस्कटॉप चालू असलेला संगणक जगभरातून कोणालाही दिसू लागतो. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधील ब्लूकीप नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा विंडोज एक्सपीचा आधार कधीच संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने त्यासाठी खास दुरुस्ती काढली होती, कारण या सेवेतून शिरायला पासवर्डचीही गरज उरली नव्हती. शिवाय अनेक ठिकाणी पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्याचा बाहेरचा (इंटरनेटवरचा आयपी) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असे समजावे. तेथे आपल्या राउटरवर केलेला कोणताही बदल बाहेरच्या माणसाला आत आणू शकत नाही.

अशा वेळी विंडोज १० आणि ११ मधील क्विक असिस्ट हे दूरवरून मदत करण्याचे ॲप वापरणे शहाणपणाचे आहे. त्यात दोन्ही संगणक स्वतःहून बाहेर, ४४३ या नेहमीच्या वेब पोर्टवरून, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी जोडले जातात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टचे खाते फक्त मदत करणाऱ्याला लागते. जोडणीसाठी त्याने दिलेला संकेतांक (कोड) १० मिनिटेच चालतो. ‘कोड चुकीचा आहे’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा घड्याळ पाहावे. जोडणी झाल्यावर मध्येच मदतनिसाचा पडदा काळा झाला, तर इंटरनेटला दोष देण्याआधी समोरच्या संगणकावर प्रशासकीय परवानगीची चौकट आली आहे का ते विचारावे. सुरक्षेसाठी ती चौकट दूरच्या माणसाला दाखवली जात नाही. तिथे बसलेल्याने ‘होय’ म्हटले की चित्र परत येते.

पिंगबद्दलचा मुद्दा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. विंडोजची फायरवॉल पिंगच्या विनंत्या बऱ्याचदा अडवते, त्यामुळे उत्तर न येणे हा नेटवर्क बिघडल्याचा पुरावा नाही. उत्तर आले तर रस्ता आहे एवढेच कळते.

होम आवृत्तीविषयीचा दावा मात्र लोकांचे पैसे घालवतो. होम आवृत्तीच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून शिरता येत नाही, हे खरे आहे. रिमोट असिस्टन्स आणि क्विक असिस्ट या दोन्ही मार्गांनी त्याच संगणकाला मदत घेता येते, हेही तितकेच खरे आहे. रिमोट डेस्कटॉपने शिरले की समोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद होतो, तर असिस्टन्समध्ये दोघांना एकच पडदा दिसतो. टॅलीत अडलेल्या लेखनिकाला दुसरी सोय हवी असते, आणि तिच्यासाठी प्रो विकत घेण्याचे कारण नाही.

राहिली आमंत्रणाची फाइल. तिच्यात संगणकाचा त्या वेळचा पत्ता लिहिलेला असतो आणि ती मुळात ६ तासच चालते. आमंत्रण पाठवल्यावर वाट पाहणारी खिडकी बंद केली, किंवा वीज जाऊन संगणक नव्या पत्त्यासह सुरू झाला, तर जुनी फाइल पुन्हा पुन्हा उघडून काही होत नाही. नवे आमंत्रण तयार करावे लागते. फाइल आणि पासवर्ड एकाच संदेशात, तोही गटात पाठवला, तर पासवर्ड असण्याला अर्थच उरत नाही. फाइल मेलने पाठवावी आणि पासवर्ड फोनवर सांगावा. क्विक असिस्टचा संकेतांकही आपण स्वतः फोन लावून ज्याच्याशी बोलत आहोत त्याच्याकडूनच घ्यावा. तांत्रिक विभागातून बोलतो आहे असे सांगून क्विक असिस्टमार्फत संगणकांत शिरणाऱ्या आणि नंतर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) टाकणाऱ्या टोळीची माहिती खुद्द मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केली होती. असा फोन आल्यावर जोडणी देऊन बसला असाल, तर आधी संगणकाची इंटरनेटची वायर काढावी, आणि बँकेचा व्यवहार झालेला दिसला तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवावे.