शार्कचा सिनेमा बघा, पण तो मेसेज पुढे पाठवू नका

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "शार्कचा तो सर्व्हायव्हल थ्रिलर बघाच, सगळं शास्त्रीय आहे. सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी पाठ करून ठेवा. रक्ताचा एक थेंब शार्कला किलोमीटरवरून कळतो. नाव उलटली की ती सोडा, किनारा गाठा. शार्क जवळ आला तर मेल्याचं सोंग घ्या. तहान लागली तर समुद्राचं पाणी घोट-घोट चालतं. आणि उजनीतही शार्क येऊ शकतो." सिनेमा जरूर बघावा. हे सल्ले मात्र माणसाला बुडवतील.

आधी तो थेंब. रक्ताचा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. पन्नास लिटर पाण्यात मिसळला की त्याचं प्रमाण दहा लाखात एक होतं, आणि समुद्र पन्नास लिटरचा नाही. शिवाय वास शार्कच्या नाकापर्यंत प्रवाहानेच पोहोचवावा लागतो. सेकंदाला अर्धा मीटर वेगाच्या प्रवाहाला एक किलोमीटर कापायला अर्धा तास लागतो, तोही एकाच दिशेने. शार्कला दुरून कळतं ते वेगळंच: पाण्यातली अनियमित धडपड. तिचा खालच्या पट्टीतला आवाज शेकडो मीटरवर ऐकू जातो.

म्हणूनच नाव सोडून हातपाय मारत किनारा गाठण्याचा सल्ला सगळ्यांत वाईट. पाण्याच्या पातळीवरून किनारा नेहमी जवळ भासतो. उलटलेली नाव बहुतेक वेळा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा नाव कितीतरी आधी दिसते. तिला धरून राहा, शक्य तेवढे वर चढा, सगळे एकत्र राहा. लाइफ जॅकेटचे पट्टे नावेत बसतानाच आवळलेले हवेत. सैल जॅकेट पाण्यात पडताच गळ्यापर्यंत वर सरकतं.

मेल्याचं सोंग शार्कपुढे चालत नाही. तो घिरट्या घालत असेल तर त्याच्याकडे तोंड ठेवून, पाणी न उडवता, हळूहळू मागे सरकायचं. धरलंच तर मात्र जोरात प्रतिकार करायचा: नाक, डोळे, कल्ले. सिनेमातली नाकावरची बुक्की अगदी खोटी नाही, पण पाण्यात हाताचा जोर मरतो आणि नाकाच्या खालीच तोंड असतं. हातात वल्हं, कॅमेरा, काहीही असेल तर ते वापरा.

आपल्याकडे असं घडतच नाही, असंही म्हणू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या खाडीत एका तरुणाचा पाय शार्कने जबर जखमी केला. अशा वेळी जीव जातो तो मुख्यतः रक्तस्रावाने, आणि हाच भाग सिनेमे घाईत उरकतात. सोलापूरकराच्या गाडीत टॉवेल असतोच. त्याची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हातापायातून रक्त उसळतच असेल तर चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर बांधा, सांध्यावर नको. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. बारीक दोरी मांसात रुतते, ती नको. बांधल्याची वेळ लिहा आणि दवाखान्यापर्यंत पट्टी सोडू नका.

समुद्राच्या पाण्याबद्दल तर बोलावंच लागेल. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं इतकी खारट लघवी करू शकत नाहीत, त्यामुळे प्यालेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी शरीरातून निघून जातं. शार्कच्या कथांमध्ये हटकून येणारी 'इंडियानापोलिस' ही अमेरिकी युद्धनौका ३० जुलै १९४५ रोजी बुडाली. जवळपास ९०० माणसं पाण्यात पडली, चार-पाच दिवसांनी ३१६ वाचली. शार्कांनी काही जणांना नक्की मारलं. पण जखमा, ऊन, तहान आणि समुद्राचं पाणी पिऊन झालेला भ्रम यांनी त्याहून कितीतरी जास्त माणसं नेली. पडद्यावर तहान दिसत नाही, पंख दिसतो.

उजनीचं उत्तर छोटं आहे. बुल शार्क गोड्या पाण्यात येतो, हे खरं. पण बंगालच्या उपसागरातून कृष्णेमार्गे भीमेत यायला त्याला विजयवाड्याचा बंधारा आणि नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराळा ही धरणं ओलांडावी लागतील.

कोकणात आपल्या माणसांना खरा धोका परतीच्या प्रवाहाचा, म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात आत वाहणाऱ्या पाण्याचा आहे. विहिरीत पोहायला शिकलेल्याला त्याचा अंदाज नसतो. विहिरीचं पाणी जागा सोडत नाही. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत जिथे शांत, गडद पट्टा दिसतो आणि फेस आत ओढला जातो, तिथे उतरू नका. हा प्रवाह खाली खेचत नाही, आत नेतो, कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेगाने. त्याच्याशी झुंजू नका. तरंगा, हात वर करून ओरडा, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की लाटांबरोबर तिरकं बाहेर या. किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. गाडीतला पाण्याचा मोठा कॅन रिकामा करून, झाकण घट्ट लावून बुडणाऱ्याकडे फेकावा.