ॲक्सेंट डोळ्यांनी ऐकणारी माणसं

आज भाच्याला इंग्रजी बोलायच्या सरावासाठी ऑनलाइन शिक्षक शोधून देत होते. ॲपवर ओळीने फोटो, आणि पोरगं सटासट वर सरकवतंय. सावळी बाई, पुढे. काळा माणूस, पुढे. थांबला तो थेट एका सोनेरी केसवाल्यावर. म्हटलं, "अरे, त्या बाईंचा व्हिडिओ तरी लावून बघ." तर म्हणतो, "नको गं मावशी, त्यांना ॲक्सेंट असणार."

व्हिडिओ न लावता याला ॲक्सेंट ऐकू आला! आणि सांगतोय कुणाला, तर बारा वर्षं इंग्रजी शिकवून पोट भरलेल्या सावळ्या मावशीला.

परदेशात मी शिकवायचे तिथे शेजारच्या वर्गावर एक पोलिश सहकारी होता. उंच, गोरापान. पोलिशमध्ये इंग्रजीतल्यासारखी 'अ', 'द' (a, the) ही भानगडच नाही, त्यामुळे बिचारा तिथे हमखास अडखळायचा. तासाआधी वर्कशीट घेऊन माझ्याकडे यायचा, "इथे 'द' टाकू का?" मी पेन्सिलीने खुणा करून द्यायचे. एका टर्मला माझ्या वर्गातल्या चौघांनी तक्रार केली, आम्हाला नेटिव्ह स्पीकर हवा, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला. वर्ग कुणाला दिला? त्यालाच. माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट!

अमेरिकेत डोनाल्ड रुबिन या संशोधकांनी 1992 साली याचा प्रयोगच मांडला होता. रेकॉर्डिंग एकच, बोलणारी अमेरिकनच, इंग्रजी तिची मातृभाषा. काही विद्यार्थ्यांसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर आशियाई चेहऱ्याचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना तोच आवाज परका वाटला. वर ऐकलेलं समजलंही कमी! म्हणजे शिकवणारी कितीही चोख बोलू दे, समोरच्याचे कान आधीच बंद.

बरं, मान्य, जन्मापासून कानावर पडलेल्या भाषेची लकब वेगळी असते आणि शिकणाऱ्याला ती हवीशी वाटते. मग ऐका आणि ठरवा ना! दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायच्या नेहमीच्या व्हिसाला ठरावीक 7 देशांचाच पासपोर्ट लागतो. त्यातही अमेरिकेचा पासपोर्ट असलेल्या काळ्या शिक्षकाला अर्जावरचा फोटो बघून नकार मिळाल्याच्या कहाण्या काय कमी आहेत? मग 'नेटिव्ह' कशाला म्हणता, सरळ 'गोरा हवा' असं लिहा की.

त्या पोलिश पोराचा यात काही दोष नव्हता. उलट वर्ग मिळाल्यावर तोच ओशाळला होता. आणि त्या चौघांवर तरी किती चिडू? त्यातली एक दिवसभर साफसफाईची कामं करून संध्याकाळी वर्गाला यायची. माझ्याहून सावळी. कष्टाच्या पैशात तिला 'खरं' इंग्रजी हवं होतं, आणि खरं कसं दिसतं हे तिला कुणीतरी आधीच पढवून ठेवलेलं. मला तरी कुठे सोडलंय? तिथल्या पहिल्याच तासाला मी 'वॉटर'चं 'वॉडर' केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. जीभ आपोआप वळली. आठवलं की अजून कान गरम होतात.

असो. भाच्याने त्या सोनेरी केसवाल्याचा ट्रायल क्लास बुक केलाय, उद्या संध्याकाळी. तो झोपल्यावर मी ते प्रोफाइल खालपर्यंत वाचलं. मातृभाषेच्या रकान्यात 'चेक' लिहिलंय. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.