चांदरचा ब्रागांझा वाडा राजघराण्याचा नव्हे

‘पोर्तुगालच्या राजाच्या वंशजांचा गोव्यातला महाल, आता सरकारी म्युझियम’ अशा मजकुरासह दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या चांदर गावच्या वाड्याचे फोटो सध्या फिरताहेत. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

1640 ते 1910 पोर्तुगालवर राज्य केलेल्या घराण्याचं नाव ब्रागांझा, हे खरं. पण चांदरचे ब्रागांझा मूळचे इथलेच, हिंदू. आडनाव आलं ते धर्मांतरासोबत. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव सर्रास मिळायचं. आडनावावरून रक्त ठरवायला गेलं तर निम्मा साष्टी तालुका लिस्बनचा निघेल! गोंधळात भर घालतात त्या नाचघरातल्या उंच पाठीच्या कोरीव खुर्च्या. पोर्तुगालचा राजा दों लुईश याची भेट म्हणून त्या दाखवतात. असेलही. भेट मिळाली म्हणून कुणी भाऊबंद होत नाही.

उलट याच घरातले लुईश द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) पोर्तुगीज सत्तेचे कडवे टीकाकार. 1900 साली ‘ओ हेराल्डो’ हे दैनिक काढण्यात त्यांचा वाटा होता, आणि 1930 मध्ये पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा ठराव त्यांनीच मांडला.

वाडा खासगी मालकीचा आहे. मधल्या जिन्याच्या एका अंगाला मिनेझिस ब्रागांझा कुटुंब, दुसऱ्या अंगाला पेरेरा ब्रागांझा कुटुंब. बघायला येणारे देणगी ठेवतात, ती दोन्हीकडे वेगळी. पणजीची मिनेझिस ब्रागांझा ही सांस्कृतिक संस्था निराळी. तिचं नाव या वाड्याला चिकटवू नका.