गुलमोहर परदेशी म्हणून पडत नाही

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की पुण्याहून तेच फोटो येतात. मोटारीवर आडवा झालेला गुलमोहर, आणि खाली ठरलेलं वाक्य: "परदेशी झाडं ही, मुळं उथळ. काढून टाका आणि देशी लावा." सोसायटीच्या ग्रुपवर तेच, वर्तमानपत्राच्या वाचक-पत्रांत तेच. लंडनमध्ये बसून हे वाचताना डोकं फिरतं.

गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष आणि निलमोहर अमेरिका खंडातले, हे खरं. पण चिंचही आफ्रिकेतली. तिला कुणी परकी म्हणत नाही. इथं लंडनच्या रस्त्यांवरचा प्लेन वृक्ष तर एका अमेरिकी आणि एका पूर्वेकडच्या जातीचा संकर. बर्कली स्क्वेअरमधले प्लेन १७८९ साली लावले, ते आजही उभे आहेत.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, फांदी मोडते, हेही मान्य. पण फांदी मोडणं वेगळं आणि अख्खं झाड मुळासकट उपटून येणं वेगळं. पडलेल्या झाडाचा फोटो मोठा करून बुंध्याकडे बघा. मुळांचा पसारा जिथं दिसायला हवा, तिथं बऱ्याचदा एक बाजू सुरीनं कापल्यासारखी सरळ दिसते. ती बाजू गटाराची, केबलची नाहीतर नव्या फुटपाथच्या कडेच्या दगडाची असते. बहुतेक झाडांची अन्न-पाणी घेणारी मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीतच असतात, कडुनिंबाचीसुद्धा. जेसीबीनं एका बाजूला मीटरभर खोल चर मारला की त्या बाजूचा आधार गेला. झाड त्याच वर्षी पडत नाही. तुटकी टोकं कुजत जातात, दोनतीन पावसाळे जातात, आणि मग एका संध्याकाळी वारा सुटतो. तोवर चर कुणी मारला हे कुणाच्या लक्षात नसतं, म्हणून दोष झाडाच्या जातीवर जातो.

इथं लंडनमध्ये बांधकामाआधी मुळांचं राखीव क्षेत्र काढतात. जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा व्यास मोजायचा आणि त्याला १२ नं गुणायचं, तेवढी त्रिज्या. १५७ सेंटीमीटर घेराच्या खोडाचा व्यास ५० सेंटीमीटर, म्हणजे चहूबाजूंनी ६ मीटर. पुण्याच्या फुटपाथवर एवढी जागा कुठं, असं लगेच म्हणतील. लंडनच्या फुटपाथवर तरी कुठं असते! जागा नसली की मग हातानं खोदतात, २५ मिलिमीटरहून जाड मूळ तोडत नाहीत आणि केबलची नळी त्याच्याखालून सारतात. उघडी पडलेली मुळं ओल्या गोणपाटानं झाकतात. बारीक मूळ कापावंच लागलं तर करवतीनं स्वच्छ कापतात, कारण जेसीबीच्या बकेटनं ओरबाडलेलं मूळ आतपर्यंत फाटतं. यातलं काहीही पुण्यात महाग नाही. गोणपाट तर नाहीच नाही.

दुसरा शत्रू काँक्रीट. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीत बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पुण्यात आजही पेव्हर ब्लॉक सालीला टेकलेले दिसतात. ते काढताना बुंध्याजवळ ब्रेकर चालवू नका, छिन्नी-हातोडा घ्या. मोकळ्या मातीवर वाळलेल्या पाल्याचा पाचसात सेंटीमीटरचा थर द्या, फक्त खोडापासून चार बोटं सोडून. तो पाला जाळला जातो याचं मला दुःख होतं.

आणि पार. वडा-पिंपळाला पार शोभतो, कारण खोडाला माती भिडली तरी त्यांना तिथं नवी मुळं फुटू शकतात. गुलमोहराला हौसेनं फरशीचा कट्टा बांधून दीड फूट माती भरली की साल आतून सडते. मग बुंध्याशी तपकिरी, वॉर्निश लावल्यासारखी चकचकीत, पांढऱ्या कडेची अळंबी उगवते. ही गॅनोडर्मा नावाची लाकूड कुजवणारी बुरशी. ती दिसली की आत कूज बरीच पुढं गेलेली असते. लाकडी हातोडीनं खोडावर ठोकून बघावं, पोकळ ठिकाणी आवाज बद्द येतो. हे झाड जाणकाराला दाखवून उतरवावंच लागलं, तर मी आड येणार नाही.

छाटणीबद्दल तर किती वेळा लिहायचं! तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या उडवल्या की झाडाचा तोल दुसरीकडे जातो. कोयत्यानं तोडलेला खुंट कुजतो आणि ती कूज खोडात उतरते. फांदीला तीन काप द्यायचे असतात. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नेत नाही. तिसरा फांदीच्या मुळाशी जो फुगीर वळा असतो, त्याच्या लगेच बाहेर. वळा कापायचा नाही, कारण जखम तिथूनच बुजते. वरून रंग-डांबर नको. मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर करावी, मेमध्ये फक्त वाळलेलं आणि लोंबकळणारं उतरवावं.

टेकडीचा प्रश्न मी यात मिसळत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाऐवजी स्थानिक झाडं हवीत, यात वाद नाही. तिथं जंगल जगवायचंय, रस्त्यावर सावली. आणि इथलं, इंग्लंडातलं, सगळं आलबेल आहे असंही नाही. शेफिल्डमध्ये रस्तेदुरुस्तीच्या नावाखाली हजारो झाडं पाडली, लोकांना पहाटे रस्त्यावर उतरावं लागलं. पण तिथल्या भांडणात "हे झाड आपलं नाही" हे कारण मी ऐकलं नाही.

माझा राग तिथं येऊन थांबतो, हे आता कबूल करायला हवं. इथं मला विचारतात, मूळचे कुठले. पुण्यात आलो की म्हणतात, तुम्ही आता तिकडचे. त्यामुळे शंभरेक वर्षं सावली दिलेल्या पर्जन्यवृक्षाला कुणी परका म्हटलं की ते मला लागतं, झाडाला लागो न लागो. सध्या तुमच्या रस्त्यावर खोदाई सुरू असेल, तर चर बुंध्यापासून किती अंतरावर आहे ते टेपनं मोजा आणि टेपसकट फोटो वॉर्डातल्या वृक्ष अधिकाऱ्याकडे पाठवा. चर बुजवायच्या आत.